खाते क्रमांक एकशे चौदा

एकतीस वर्षं गावचं डाकघर चालवलं मी,
म्हणजे माझ्याच ओसरीतली एक खोली,
एक वजनकाटा, एक शिक्का,
आणि लोखंडी पेटी, जिची किल्ली चष्म्याच्या दोरीला.

दर महिन्याच्या सात तारखेला पारबता नान्हे यायची.
पदराची गाठ सोडायची
आणि नोटांच्या वासावरून मला महिना कळायचा.
चैतात मोहफुलं.
मग तेंदूपान, तेव्हा तिची बोटंही काळपट.
दिवाळीच्या मागेपुढे शिंगाड्याचा चिखल,
आणि बाकी सगळं वर्ष मासोळी.
शिक्का मारून झाला की मी हात धुवायचो.
ती बघायची. बोलायची नाही.

पहिली आरडी पिकली तेव्हा म्हटलं,
घे आता, एखादी पोत करून टाक गळ्यात.
"पुन्हा टाका जी त्याच्यातच.
बोटुकली सोडली का दुसऱ्या दिवशी जाळं टाकते का कोणी?"

आणि इतके उद्योग कशाला गं?
नवऱ्याचा सोसायटीच्या तलावात हिस्सा आहे की.
"पाणी नासलं तं मासोळी मरते जी, मोह नाई मरत.
मोहाले गारपीट लागली तं पान हाये.
पान नाई तं बकरी,"
आणि हसली, "बकरीले वाघानं नेली तं तुमचा शिक्का."

आता माझं सांगतो. लपवून काय करू.
त्याच सुमारास तुमसरहून एक पोट्टा यायचा मोटारसायकलवर.
सागवानाची कंपनी, साडेतीन वर्षांत दामदुप्पट,
गुळगुळीत कागद, वर हिरवंगार झाड छापलेलं.
मी, सरकारी शिक्क्याचा माणूस,
गावाचे पैसे पेटीत मोजून ठेवायचो
आणि माझे त्याला द्यायचो.

पारबताने तो कागद उलटून पाहिला. पाठ कोरी.
"झाड कोठी हाये?"
हे काय, कागदावर.
"तसं नाई. कोणत्या शिवारात? मी जाऊन हात लावतो."
पोट्टा हसला.
मीपण हसलो.

दीड वर्षाने तुमसरला गेलो तर कुलूप,
आणि कुलपासमोर माझ्यासारखे चाळीसेक जण,
एकमेकांकडे न बघणारे.

तिची करिश्मा नागपूरला नर्स झाली.
आईच्या नावाने मोबाइलवर एसआयपी चालू केली तिने,
थोडीच. डाकघराचं खातं होतंच.
मग एका वर्षी बाजार गडगडला.
पेपर घेऊन मी तलावावर गेलो, खरं सांगायचं तर
जरासा खुशीतच.
काढून घे बाई, आहे तेवढं तरी.

ती जाळ्याचे फाटके डोळे विणत होती.
"डाकबाबू, मे महिन्यात तलाव कोठवर उतरते?"
मधल्या काळ्या दगडापर्यंत.
"मंग तवा कोणी तलाव इकते का?"
आणि दाताने दोरा तोडला.

आता ओसरीत डाकघर नाही.
नव्या पोरीकडे हातात मावणारं यंत्र आहे,
कागदाची पट्टी छापून येते, कशाचाच वास नसलेली.
परवा मी माझं खातं उघडलं. पाचशे रुपये, महिन्याचे.
वय सांगितलं तेव्हा तिने मान वर केली,
पुन्हा खाली घातली. चांगली मुलगी आहे.

येताना पारबताच्या बांधावरून आलो.
करिश्मा झाली त्या साली लावलेले वीस साग.
चार नर्सिंगच्या फीला गेले,
त्यातही वनखात्याच्या परवानगीला आठ महिने.
सोळा आहेत.
बांधावर कोणी नव्हतं.
मी हात लावला.